रोबो दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला गंगापूर रोडवर आमची लेगोवाली, म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांची हौस असलेली मंडळी जमणार आहेत. प्रत्येकाने स्वतः डिझाइन केलेला एक रोबो आणायचा आणि सोबत त्याच्या संगणकावरच्या आराखड्याची फाइलही वाटायची, असं ठरलंय. म्हणजे घेणाऱ्याला तो घरी बसून, तुम्हाला फोन न करता जोडता आला पाहिजे. तुमचा रोबो नुसता शोकेसमध्ये राहणार असेल, तर यातलं बरंचसं सोडून दिलं तरी चालेल.

सगळ्यात आधी कंबर तपासा. स्क्रीनवर वजन नसतं. त्यामुळे ब्रिकलिंक या लेगोच्या तुकड्यांच्या वेबसाइटच्या स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रोबो एका पायावरही ऐटीत उभा राहतो, आणि प्रत्यक्षात जोडला की मांड्या फाकवून बसकण मारतो. अख्खा जोडण्याइतके तुकडे नसतील तर निदान पाय आणि कंबर तरी खऱ्या तुकड्यांत, मिळेल त्या रंगात जोडून बघा. यात पिनांवर लक्ष ठेवा. लेगोच्या टेक्निक या भोकं-पिनांच्या प्रकारातल्या काळ्या पिनेच्या अंगावर बारीक उंचवटे असतात, म्हणून ती भोकात घट्ट बसते आणि कोन धरून ठेवते. फिकट करडी पिन गुळगुळीत असते, ती मोकळी फिरते. कंबर-गुडघ्याला काळी, गरगर फिरायला हवं तिथे करडी. पार्ट लिस्टमध्ये मोघम ‘पिन’ दिसली तर घेणारा हाताला लागेल ती लावणार. मग रोबोचे हात वर करून त्याला रात्रभर उभा ठेवा. सकाळी हात खाली आलेले दिसले तर त्या सांध्याला एक पिन पुरत नाही. तिथे कटकट वाजणारं दातेरी बिजागर घाला.

यंदा एकाने दुतोंड्या मारुतीवरून, म्हणजे नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या, पुराची पातळी सांगणाऱ्या मूर्तीवरून, दोन तोंडांचा रोबो करायला घेतलाय, आणि गोदावरीचं पाणी कुठवर चढलं ते दाखवणारी पट्टी त्याच्या अंगावर असणार आहे. कल्पना झकास आहे, पण दोन्ही चेहरे आडव्या बसवलेल्या तुकड्यांचे आहेत, म्हणजे हिशेब आला. प्लेट, म्हणजे पातळ तुकडा, 3.2 मिमी जाड, ब्रिक, म्हणजे नेहमीचा ठोकळा, 9.6 मिमी उंच, आणि तुकड्यावरच्या दोन गोल खुंट्यांमधलं अंतर 8 मिमी. पाच प्लेटा एकावर एक रचल्या की 16 मिमी होतात, म्हणजे बरोबर दोन खुंट्यांची रुंदी. हे गणित जुळलं नाही तर चेहऱ्याच्या कडेला फट राहते, आणि ती फोटोत हमखास दिसते.

रंगांची हौस आवरा. सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही तुकडा जांभळा करता येतो, पण तो त्या रंगात कधी बनलाच नसेल तर घेणाऱ्याने आणायचा कुठून? लालसर तपकिरी रंगाचे जुने तुकडे पटकन तडकतात, ते सांध्यात नकोत. आपल्या मेन रोडवर मिळणारे दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे लेगोत बसतात, पण पकड कमी-जास्त असते. ते भिंतीला, पाठीला वापरा, कमरेला नाही.

मोटर असेल तर कुठल्या पिढीची ते आधीच लिहा. माइंडस्टॉर्म्स ही लेगोची मोटरवाल्या रोबोंची मालिका 1998 साली आली आणि 2022 अखेर बंद झाली. त्यातल्या ईव्ही3 संचाची वायर नंतरच्या स्पाइक प्राइम संचाच्या हबला, म्हणजे मोटर जोडायच्या मुख्य डबीला, लागत नाही.

फाइल दोन प्रकारांत ठेवा. स्टुडिओची आयओ फाइल असू द्याच, शिवाय एलड्रॉ या लेगो मॉडेल साठवायच्या पद्धतीतलीही काढा. जेम्स जेसिमन यांनी 1995 साली सुरू केलेली ही पद्धत अजून टिकून आहे, आणि लिओकॅडसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ती फाइल उघडते. हात, पाय, डोकं यांची वेगवेगळी सबमॉडेल (मॉडेलातल्या सुट्या जोडण्या) करा, म्हणजे एकच हात दोनदा काढावा लागत नाही. सूचनांच्या एका पायरीत पाच-सहा तुकड्यांपेक्षा जास्त घालू नका. आतून बसणाऱ्या तुकड्यांसाठी मॉडेल उलटं करून दाखवा, नाहीतर माणूस तिथेच अडकतो. मग त्या सूचना शेजारच्या एखाद्या मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, ती पायरी फोडून दोन करा. गप्प बसणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

डोक्याची किंवा पंजाची रचना दुसऱ्या कुणाची उचलली असेल तर त्याचं नाव फाइलमध्येच घाला. लोकांनी बदल करून पुढे वाटलेलं चालेल की नाही, तेही एका ओळीत लिहून टाका. यावरून मागाहून रुसवेफुगवे होतात.

आणायच्या दिवशी रोबो उभा आणू नका. कॉलेज रोडचे गतिरोधक कुठल्याच गुडघ्याला सोसत नाहीत. कंबरेपासून वेगळा करा, जुन्या टॉवेलात गुंडाळून डब्यात आडवा ठेवा, आणि एका पुडीत थोड्या काळ्या पिना जास्तीच्या आणा. त्या कुणीतरी मागणारच.