जुन्या नाविक गणवेशावरचा हुद्दा कसा वाचावा

कोकणात पावसाळ्यात गणवेशाची पेटी उघडू नका. ऑक्टोबरची उन्हं पडली की माळ्यावरून उतरवा आणि गणवेश सावलीत पसरा. धुवायचा नाही, इस्त्री तर नाहीच.

धाग्याच्या रंगावरून हुद्दा ठरत नाही. जरीचा बिल्ला समारंभाच्या गणवेशावर, लाल रोजच्या निळ्या सर्जवर (जाड लोकरी कापडावर), निळा पांढऱ्या कपड्यावर.

आता डावी बाही. एक नांगर म्हणजे लीडिंग सीमन (साध्या खलाशाच्या वरचा), तिरपे छेदणारे दोन नांगर आणि वर मुकुट किंवा सिंह म्हणजे पेटी ऑफिसर (त्याच्याही वरचा). त्याखालच्या व्ही आकाराच्या फितींवर निम्मं गाव फसतं. लष्करात तीन फिती म्हणजे हवालदार, म्हणून ‘आजोबा हवालदार होते’ असं घरोघरी सांगतात. नौदलात या फिती चांगल्या वर्तणुकीच्या. तीन फितींचा माणूस साधा खलाशीही असू शकतो. उजव्या बाहीवर कामाचं चिन्ह, त्याचा हुद्द्याशी संबंध जोडू नका.

खरी कसरत बिल्ला बदलला आहे का हे पाहण्याची. मला यातच सर्वांत जास्त वेळ लागायचा, कारण मी समोरून उजेड टाकायचो. बॅटरी कापडालगत आडवी धरा. जुन्या बिल्ल्याखालचं सर्ज न विटलेलं, गडद दिसतं आणि कडेने सुईची भोकं उमटतात. दोन नांगरांच्या आसपास एकाच नांगराची सावली दिसली, तर गडी त्याच कपड्यात बढती मिळवून गेला. भोकं आहेत पण सावली नाही, तर आधीचा बिल्ला फार दिवस टिकला नसावा. बाही उलटी करून आतले टाकेही बघा. दोन रंगांचे धागे दिसले तर बिल्ला पुन्हा शिवलेला असण्याची दाट शक्यता. ‘जरा उसवून बघा’ म्हणणाऱ्याला पेटीजवळ फिरकू देऊ नका. उसवलं की पुरावा गेला.

अतिनील दिव्याखाली लख्ख चमकणारा धागा बहुधा अलीकडचा. पण पांढऱ्या कपड्यावर हा प्रयोग फुकट, साबणाच्या पावडरीमुळे सगळंच चमकतं.

काळासाठी मुकुट पाहा. २६ जानेवारी १९५० ला मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. मुकुटाच्या कमानी वर गोल फुगलेल्या हव्यात. मध्ये खचलेल्या असतील तर तो राणी एलिझाबेथच्या काळातला ब्रिटिश माल, आपल्या नौदलाचा नव्हे. विकणारा काहीही सांगो. एकट्या नांगरावर मुकुट नसतो, तिथे टोपीची पट्टी वाचा: १९३४ ते १९५० एच.एम.आय.एस. (ब्रिटिश राजाचं भारतीय जहाज), पुढे आय.एन.एस. (भारतीय नौदलाचं जहाज). २०२३ च्या मालवणच्या नौदल दिनानंतर आलेला अष्टकोन ॲडमिरलांच्या खांद्यावरचा, तो इथे शोधू नका.

बिल्ल्यावरची जर काळी पडली असली तरी चिंच-लिंबू लावू नका. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते.