आघाडी आहे? मोहरी मारा, प्यादी जपा

बुद्धिबळाच्या डावात शेवटच्या टप्प्यात एका प्याद्याने पुढे असाल, तर मोहऱ्यांची (वजीर, हत्ती, उंट, घोडे यांची) मारामारी करा, म्हणजे एक देऊन एक घ्या. प्याद्यांची शक्यतो टाळा. प्यादी संपली की वजीर करायला काही उरत नाही आणि नुसत्या एका उंटाने किंवा घोड्याने मात होत नाही. उलट, मागे असलेला खेळाडू प्यादी मारायलाच टपलेला असतो.

शेवटचे मोहरे मारण्यापूर्वी मात्र थांबा. राजा-प्याद्यांचा डाव नीट मोजा, इथेच जिंकलेले डाव बरोबरीत जातात. तुमचा राजा तुमच्या बाजूने मोजता सहाव्या रांगेत, आपल्या प्याद्याच्या लगेच पुढच्या घरात असेल, तर चाल कुणाचीही असो, तुम्ही जिंकता. पण प्यादे काठावरचे, म्हणजे ए किंवा एच पट्टीतले असेल, तर हा नियम लागू नाही.

काठाच्या प्याद्याबरोबर उंट असला तरी निर्धास्त राहू नका. पांढऱ्याचे एच-प्यादे आणि पांढऱ्या घरांतला उंट असेल अन् काळा राजा एच८ या काळ्या कोपऱ्यात शिरला, तर बरोबरीच! एक अख्खा उंट जास्त असूनही.