नेपच्यूनपलीकडचे बर्फाळ पिंड कसे शोधावेत
सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेचे आकाश निवडावे, कारण तेथे पिंडाचे सरकणे मुख्यतः पृथ्वीच्याच गतीमुळे दिसते आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. आकाशगंगेचा दाट पट्टा टाळावा. एकाच क्षेत्राच्या तासाभराच्या अंतराने किमान तीन प्रतिमा घेऊन त्या जुळवून आलटूनपालटून पाहाव्यात. ४० खगोलीय एककांवरचा (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) पिंड तासाला जेमतेम ३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो, तर मंगळ व गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातील लघुग्रह साधारण दहापट वेगाने पुढे जातो. १९९२ मध्ये डेव्हिड ज्यूइट आणि जेन लू या खगोलशास्त्रज्ञांना हवाईतील मौना केआ पर्वतावरच्या वेधशाळेतून प्लूटोपलीकडच्या शोधाचे दार उघडता आले, ते हा संथपणा चिकाटीने हेरल्यामुळेच. खरे कष्ट मात्र पुढचे आहेत: काही आठवड्यांनी आणि पुन्हा वर्षभराने तोच पिंड टिपला नाही, तर कक्षा अनिश्चित राहून तो हरवण्याची शक्यता असते.