ब्रिटिश बोलीतील शब्दांचा अर्थ आणि उगम सांगताना या चुका टाळा

शब्दाच्या जन्माची कथा जितकी सुबक, तितकी ती अधिक पारखून घ्यावी. ‘पॉश’ हे त्याचे ठळक उदाहरण. हिंदुस्थानात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीची खोली श्रीमंत प्रवासी राखून ठेवत आणि ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ यांची आद्याक्षरे त्यांच्या तिकिटावर छापलेली असत, असे मोठ्या हौसेने सांगितले जाते. परंतु तसे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. आद्याक्षरांपासून शब्द घडवण्याची रीत पहिल्या महायुद्धापूर्वी विरळाच होती, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड दिसताच सावध व्हावे.

‘पॉश’शी मुंबईचे नाते जोडणारे आपण ‘डूलॅली’कडे मात्र दुर्लक्ष करतो. डोके फिरलेल्या माणसासाठी वापरला जाणारा हा शब्द म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचाच इंग्रजी उच्चार होय. तेथे वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा अर्थ रुजला, असे सरसकट सांगणे चुकीचे आहे. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत अनेकदा कित्येक महिने काढावे लागत आणि त्या उष्ण, रिकाम्या दिवसांत त्यांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा आहे. त्यातील ‘टॅप’ला इंग्रजी समजून नळ किंवा टपली असा अर्थ लावू नये, तो आपल्या ओळखीचा तापच आहे. मायभूमीसाठी शिपाई वापरत तो ‘ब्लायटी’ हा शब्दही ‘विलायती’वरून आलेला आहे.

लंडनच्या ईस्ट एंडमधील यमकी बोलीचे शब्दशः भाषांतर केल्यास हाती काहीच लागत नाही. ‘लुक’शी यमक जुळते म्हणून ‘बुचर्स हुक’, आणि पुढे यमक जुळवणारा ‘हुक’च गळून पडतो, म्हणून ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे जरा पाहा, त्यात खाटकाचा काही संबंध नाही. ‘यूज युअर लोफ’ म्हणजे डोके वापर, कारण ‘लोफ ऑफ ब्रेड’चे यमक ‘हेड’शी जुळते.

अमेरिकी अर्थ गृहीत धरणे हीदेखील नेहमीची चूक. ‘पिस्ड’ म्हणजे अमेरिकेत संतापलेला, ब्रिटनमध्ये मात्र झिंगलेला. साहेब आज ‘पिस्ड’ आहेत असे लंडनच्या कार्यालयात सांगितल्यास भलताच अर्थ निघेल.