वीज दरवाढीच्या याचिकेवर आपली हरकत कशी नोंदवायची

आपल्या लाइनी, ट्रान्सफॉर्मर, मीटर सुधारायचा खर्च शेवटी आपल्याच बिलातून वसूल होतो, आणि तो किती मान्य करायचा हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. वीज कायदा 2003 च्या कलम 64 प्रमाणे वीज कंपनीला दरवाढीची याचिका, म्हणजे आयोगाकडे केलेला अर्ज, जाहीर करावी लागते आणि आयोगाला लोकांच्या सूचना, हरकती विचारात घेऊनच 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, म्हणजे बोलायचा हक्क कायद्यानेच दिलाय, तो वापरा ना!

पेपरात जाहीर सूचना आली की आधी शेवटची तारीख लिहून ठेवा, मग याचिका डाउनलोड करा. पानं खूप असतात, घाबरू नका, सगळं वाचायची गरज नाही. भांडवली खर्च (नव्या लाइनी, ट्रान्सफॉर्मर अशा कामांवरचा खर्च) आणि वितरण हानी (ग्राहकापर्यंत पोचवताना वाया किंवा चोरीला जाणारी वीज) ही दोन प्रकरणं मात्र नीट वाचा, खरा मुद्दा तिथंच असतो. मागच्या वेळी मंजूर झालेली कामं झाली का, त्यानं हानी किती कमी झाली, हे आकड्यांसकट विचारा.

नुसतं "दर वाढवू नका" लिहिलं तर फार उपयोग होत नाही. आपल्या फीडरवर (उपकेंद्रातून आपल्या भागाला वीज देणाऱ्या लाइनीवर) लाइट कधी आणि किती वेळ गेली याची नोंद जोडा, ग्राहक क्रमांक टाका. आणि सुनावणीत बोलायचंय हे अर्जातच स्पष्ट लिहा.