वोलझाइफनला जायचं तर असं जा

जर्मनीत कोलोनला पाहुणे आले की मी त्यांना आयफेल या डोंगराळ भागातल्या वोलझाइफनला नेतेच. या गावात आज कुणी राहत नाही. कोलोनहून ‘काल’ (Kall) नावाच्या स्टेशनपर्यंत रेल्वे, तिथून फोगेलझांगची बस आणि पुढे पायीच. परतीच्या बसची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, रविवारी तर नक्कीच. पाणी आणि डबा सोबत घ्या, गावात दुकान नाही. माळावर वारा फार असतो, तेव्हा मे महिन्यातही जाकीट हवंच.

फोगेलझांग म्हणजे नाझी पक्षाचे पुढारी घडवण्यासाठी 1936 मध्ये सुरू झालेली प्रशिक्षण वसाहत. तिचं प्रदर्शन आधी बघा, मग वोलझाइफनची वाट धरा. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याला इथे सरावाचं मैदान हवं होतं, म्हणून ऑगस्ट 1946 मध्ये गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. 1 सप्टेंबरपर्यंत साडेपाचशेच्या आसपास माणसांनी घरंदारं सोडली. 1950 पासून मैदान बेल्जियन सैन्याकडे होतं, ते सैन्य 2005 च्या अखेरीला इथून गेलं.

पोहोचल्यावर समोर राखाडी, चौकोनी घरं दिसतील. खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडं. बरेच जण त्यांचेच फोटो काढून परततात. पण ती गावकऱ्यांची घरं नाहीत. घराघरांतून लढायचा सराव करता यावा म्हणून सैन्याने ती नंतर बांधली. खऱ्या गावातलं उरलंय ते संत रोखुसचं चर्च, शाळा आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरची छोटी इमारत. तुमचा वेळ तिथे द्या. चर्चमध्ये जाऊन थोडं बसा. शाळेत गावाची माहिती लावली आहे, ती सावकाश वाचा. मला स्वतःला शाळेपाशी सगळ्यात जास्त गलबलून येतं.

आखलेली वाट मात्र अजिबात सोडू नका. इतकी वर्षं इथे गोळीबार झालाय, जमिनीत न फुटलेला दारूगोळा अजून असू शकतो. मुलांचा हात धरूनच चाला.

मे-जूनमध्ये गेलात तर माळभर गिन्स्टरची झुडपं तुरीच्या फुलांसारखी पिवळीधमक फुललेली असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सांबराएवढ्या लाल हरणांचा माजाचा हंगाम असतो. ती बघायला ड्राइबोर्न गावाजवळच्या निरीक्षण मचाणावर संध्याकाळी जा. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांनाही तिथे जाणं सोपं पडतं. फक्त गाडी आपली असू द्या.