दुष्काळाला इंग्रजीत काय म्हणाल?

स्पर्धा परीक्षेसाठी सिनॉनिमच्या याद्या पाठ करताय ना? मग आधी हे ऐका. डिक्शनरीत दोन शब्दांपुढं एकच मराठी अर्थ दिलाय, म्हणून काही ते एकमेकांच्या जागी चालतात असं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली आपली पोरं नेमकी इथंच अडकतात. अर्ज लिहिताना माझाही हात अजून थांबतो.

मराठवाड्यावर निबंध म्हटलं की दुष्काळ आलाच. डिक्शनरीत ‘ड्राउट’ आणि ‘फॅमिन’ या दोन्हींपुढं दुष्काळच लिहिलेलं सापडतं. पण पावसानं दडी मारली, विहिरी आटल्या, पिकं वाळली, की तो ड्राउट. खायलाच मिळेना, माणसं उपासमारीनं मरू लागली, की फॅमिन. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तो ड्राउट. 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं मेली, ते फॅमिन. लातूरच्या वाक्यात फॅमिन घातलं, की लोक अन्नावाचून मेले असं तुम्ही लिहून मोकळे होता, आणि ते खोटं असतं. बहात्तरच्या दुष्काळात धान्याचीही टंचाई होती, तरी इंग्रजीत बहुतेक अभ्यासक ड्राउटच लिहितात. दुष्काळी कामं निघाली, धान्य पोचलं आणि मोठी उपासमार टळली, म्हणून. सरकारी कागदातल्या टंचाईला ‘स्केर्सिटी’ म्हणतात, तो आणखी तिसरा शब्द. विशेषणही बघा. ड्राउटला ‘सीव्हिअर’ लागतं. ‘हेवी’ पावसाला लावा.

म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, त्याच्या शेजारी काय येतं ते बघा. आपण ‘उसने’ या एकाच शब्दावर देणं-घेणं दोन्ही भागवतो. इंग्रजीत घेणारा ‘बॉरो’ करतो, पुढं ‘फ्रॉम’ येतं; देणारा ‘लेंड’ करतो, पुढं ‘टू’ येतं. आरोप नाकारला तर ‘डिनाय’, काम करायला नकार दिला तर ‘रिफ्यूज’. चोरानं पैसे ‘स्टील’ केले, पण बँक ‘रॉब’ केली.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पाचशे शब्दांच्या पीडीएफ डिलीट करा. त्यात वाक्य नसतं, म्हणजे कामाचं काहीच नसतं. ‘बिगिन’ऐवजी ‘कमेन्स’ लिहा, छाप पडते, असं सांगणारे सरही भेटतील. त्यांचं ऐकू नका. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून दरबारी फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरत गेले, कमेन्स त्यातलाच. आपण ‘जलसंपदा विभाग’ लिहितो, पण पाहुण्याला पाणीच विचारतो. तेवढाच फरक तिथंही आहे.

घाबरू मात्र नका. यूपीएससी मुख्य परीक्षेचा इंग्रजी पेपर 300 गुणांचा असला तरी त्यात 25 टक्के मिळाले की पुरे, ते गुण मेरिटमध्ये धरत नाहीत. साधं, बरोबर इंग्रजी तिथं भागतं.

उदाहरणं देणारी लर्नर्स डिक्शनरी घ्या. फोनवर फुकट मिळते. शंका आली की दोन्ही शब्दांची दोन-दोन वाक्यं वहीत उतरवा आणि खाली आपल्या गावचं एकेक वाक्य लिहा. सुरुवात ‘से’ आणि ‘टेल’पासून करा: ‘टेल’नंतर बहुतेक वेळा लगेच माणूस येतो, ‘से’नंतर माणूस आणायचा तर मध्ये ‘टू’ लागतं.